झोपेसाठी सुरू झालेला गांजा: पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

हे प्रकरण व्यसनोपचाराच्या एका बाह्यरुग्ण विभागातलं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाची आणि त्याच्या बहिणीची संमती घेऊनच ते लिहिलं आहे.

गांजाच्या तक्रारीवरून येणारी घरं बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: "किती ओढला म्हणजे व्यसन?" या मुलाच्या बाबतीत सगळ्यांनी हेच मोजलं. त्याने स्वतः मोजलं, मित्रांनी मोजलं, पुढे वडिलांनीही मोजलं. तो कशासाठी ओढतो हे मात्र पहिली दोन-अडीच वर्षं कुणीच विचारलं नाही. उत्तर त्याच्या तोंडावर होतं. पहिल्या भेटीतच त्याने ते सांगितलं.

पार्श्वभूमी

त्याला अमोल म्हणू. वय २२. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडी सेविका. मोठी बहीण पुण्यात हडपसरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. अमोल दहावीला शाळेत दुसरा आला होता. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला आणि त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नऱ्ह्यात दोन मित्रांबरोबर भाड्याचा फ्लॅट आणि मेसचा डबा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची कोंडी कुठे होते ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. एम-थ्री. बारावीचं गणित झालेलं नसतं, पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर एकदम तिसरं गणित येतं. अमोल त्यात नापास झाला. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाला आणि ते घरी सांगितलं नाही. त्या सुट्टीत त्याची झोप गेली. रात्री तीन-साडेतीनपर्यंत तो छताकडे बघत पडायचा, सकाळची लेक्चरं बुडायची, मग त्याची धास्ती वाटून पुन्हा झोप लागायची नाही.

फ्लॅटमधला एक मित्र शनिवारी ओढायचा. तो म्हणाला, "दोन कश मार, गाढ झोपशील." अमोल खरंच गाढ झोपला. हे मुद्दाम सांगतो, कारण गांजाने काहीच होत नाही किंवा त्यातून फक्त वाईटच होतं असं सांगितलं की मुलं ऐकणं बंद करतात. सुरुवातीला त्याला झोप मिळाली, म्हणूनच तो त्यात अडकला.

पहिले सहा महिने शनिवार-रविवार, मग परीक्षेच्या आधीच्या रात्री, मग रोज रात्री. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दुपारच्या जेवणाआधीही, आणि त्यानंतर सकाळी उठल्याउठल्या. जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळलेली असायची, त्यामुळे एकाच वेळी दोन सवयी लागत होत्या. महिन्याला पाच-सहा हजार रुपये जात होते. घरी तो "प्रोजेक्टचा खर्च" सांगायचा.

याच काळात त्याने ढोल पथक सोडलं. पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी तो एका पथकात गेला होता. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव चालायचा आणि तो एकही दिवस चुकवायचा नाही. दुसऱ्या वर्षी त्याने नाव नोंदवलं, चार दिवस गेला आणि बंद केलं. विचारलं तेव्हा "अभ्यास आहे" म्हणाला. बहिणीला त्याचा आनंदच झाला होता. आमच्या मते डोळ्यांना दिसण्याजोगी पहिली खूण हीच होती.

झोपेचा गोंधळ

अमोलने गांजा सोडायचा प्रयत्न दोनदा केला होता. दोन्ही प्रयत्न फसले, आणि ते ज्या पद्धतीने फसले त्यातून त्याची समजूत आणखी घट्ट झाली.

पहिला प्रयत्न दिवाळीत, गावी. माल नव्हताच, म्हणून आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, घाम, जेवण घशाखाली उतरेना. आईने फराळाचं ताट पुढे केलं तर त्याने ते ढकललं आणि घरात मोठं भांडण झालं. रात्री झोप नाही. पहाटे डोळा लागला तर भयंकर, अगदी खरी वाटणारी स्वप्नं. पाचव्या दिवशी "सबमिशन आहे" म्हणून तो पुण्याला परतला आणि त्या रात्री ओढून दहा तास झोपला. त्याने काढलेला निष्कर्ष असा: मला मुळातच झोपेचा आजार आहे आणि गांजा हे माझं औषध आहे.

दुसरा प्रयत्न परीक्षेच्या आधी आठवडाभर. तेच झालं. पेपरही गेला.

रोज ओढणाऱ्या माणसाने गांजा एकदम बंद केला की एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. चिडचिड, बेचैनी, उदास वाटणं, भूक मरणं, घाम, झोप उडणं, विचित्र स्वप्नं. पहिल्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत बराच ओसरतो. झोप मात्र पूर्ववत व्हायला महिना किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो. अमोल दोन्ही वेळा नेमका चढ संपायच्या आत परत फिरला होता. ज्याला तो मूळ आजार समजत होता ते बऱ्याच अंशी गांजा बंद केल्याचे परिणाम होते. पुन्हा ओढल्यावर तेच परिणाम थांबायचे आणि त्याला वाटायचं औषध लागू पडलं.

मधल्या काळात तो जवळच्या एका दवाखान्यात झोपेसाठी गेला होता. तिथे झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि मोबाईल कमी वापरायचा सल्ला मिळाला. सिगारेट, दारू, गांजा यांतलं काही घेतोस का, असं विचारलं गेलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

फेब्रुवारीतले तीन दिवस

फेब्रुवारीत मित्रांपैकी एकाने नेहमीपेक्षा बराच कडक माल आणला. त्या आठवड्यात अमोल जवळजवळ झोपलाच नव्हता. दुसऱ्या रात्री त्याला वाटायला लागलं की फ्लॅटमध्ये कॅमेरा आहे आणि दोघं मित्र आपला व्हिडिओ काढून कॉलेजला पाठवत आहेत. त्याने वायफायचं राउटर काढून बादलीत टाकलं, खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि खोलीला आतून कडी लावली.

मित्र घाबरले. त्यांना फोन करायचा होता, पण कुणाला? घरमालकाला कळलं तर फ्लॅट जाणार, कॉलेजला कळलं तर तिघांचंही नाव येणार, पोलीस आले तर काय होईल कुणालाच माहीत नव्हतं. "उतरली की ठीक होईल" म्हणत त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाने अमोलच्या बहिणीला फोन केला. गांजाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तो जेवत नाहीये, तुम्ही या."

ताई आली तेव्हा खोलीच्या दाराबाहेर मेसचे चार डबे एकावर एक ठेवलेले होते. एकही उघडलेला नव्हता, खालच्याला वास यायला लागला होता. तिने मित्रांना काही विचारलं नाही, दारावर धडकाही मारल्या नाहीत. दाराशी बसून राहिली आणि अधूनमधून बोलत राहिली. तासाभराने कडी निघाली. ती म्हणाली, "चल, माझ्याकडे जेवायला." तो गेला.

तिने त्या वेळी आरडाओरडा केला असता, झडती घेतली असती किंवा लगेच वडिलांना फोन लावून त्याच्या कानाला दिला असता, तर आधीच सगळे आपल्या विरोधात आहेत असं वाटणारा मुलगा कदाचित आणखी आत गेला असता. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. लॅबमध्ये घाबरलेल्या लोकांचं रक्त काढताना तिला जी सवय लागली होती ती इथे कामी आली, असं ती नंतर म्हणाली.

पहिली भेट

दुसऱ्या दिवशी ताई त्याला घेऊन आली. वडील रात्रीच्या गाडीने निघून थेट दवाखान्यात पोचले. संशय अर्ध्यावर आला होता. कॅमेरा असेल असं अजून वाटत होतं, पण "कदाचित नसेलही" असं म्हणण्याइतका तो ताळ्यावर होता. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. कानात आवाज येत नव्हते, जिवाचं बरंवाईट करायचा विचार नव्हता. सारख्या उलट्या होतात का आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरं वाटतं का, हेही विचारलं, कारण बराच काळ गांजा ओढणाऱ्यांत असा एक आजार दिसतो आणि लोक पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात. त्याला ते नव्हतं.

घरात कुणाला मानसिक आजार आहे का, असं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा वडील "नाही" म्हणाले. आईशी फोनवर वेगळं बोलल्यावर कळलं की तिचा धाकटा भाऊ, म्हणजे अमोलचा मामा, बरीच वर्षं औषधावर आहे. घरात त्याचा विषय निघत नाही. या एका माहितीने पुढचे निर्णय बदलले. जवळच्या नात्यात असा आजार असेल तर गांजामुळे मन भ्रमिष्ट होण्याचा धोका वाढतो. कमी वयात सुरुवात, रोजचा वापर आणि कडक माल यांनी तो आणखी वाढतो.

मग ताई आणि वडील बाहेर बसले आणि आम्ही अमोलसमोर एक कागद ठेवला. त्यावर चोवीस तासांची पट्टी. काल-परवाचं सोड, नेहमीच्या दिवशी कधी कधी ओढतोस तिथे खूण कर. त्याने सहा खुणा केल्या. पहिली उठल्यावर वीस मिनिटांच्या आत. मग प्रत्येक खुणेपुढे लिहायला सांगितलं: हा जॉइंट नसता तर काय झालं असतं? सकाळच्या खुणेपुढे त्याने लिहिलं, "डोकं चालू होत नाही." दुपारच्या दोन खुणांपुढे, "जेवण जात नाही" आणि "चिडचिड." संध्याकाळच्या दोनपैकी एकीपुढे, "घरी फोन करायचा असतो, त्याआधी लागतो." रात्रीच्या खुणेपुढे, "झोप." सहामधली एकच खूण अशी निघाली की जिच्यापुढे त्याने "मजा, सगळे बसतात म्हणून" असं लिहिलं. तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बाकीचे पाच तर मी बरं वाटायला पण नाही, नुसतं नॉर्मल राहायला ओढतोय."

त्या कागदानंतर निदान समजावणं सोपं गेलं. गांजाच्या वापराचा विकार ठरवण्याचे अकरा निकष आहेत. बारा महिन्यांत त्यांपैकी दोन लागू झाले तरी विकार धरतात, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. ठरवल्यापेक्षा जास्त ओढला जाणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, त्यातच वेळ जाणं, तलफ येणं, अभ्यास-कामाची जबाबदारी सुटणं, आवडीच्या गोष्टी बंद होणं, ओढून गाडी चालवण्यासारखा धोका पत्करणं, त्रास होतोय हे कळूनही चालू ठेवणं, तेवढ्याच मालात पूर्वीसारखं काही न होणं, बंद केल्यावर त्रास होणं. हे दहाही त्याच्यात होते. अकरावा, म्हणजे घरच्यांशी खटके उडत असूनही चालू ठेवणं, एवढाच नव्हता. तोही घरी काही कळलंच नव्हतं म्हणून. दिवसाला किती जॉइंट, हा या अकरांत कुठेच येत नाही.

"गांजाचं खरंच व्यसन लागतं? सगळे तर म्हणतात नाही लागत," असं ताईने विचारलं. ओढणाऱ्या बहुतेकांना लागत नाही हे खरं आहे. साधारण दहातल्या एकाला लागतं, आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांत प्रमाण याहून जास्त. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात भांग, गांजा, चरस यांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७२ लाख धरली आहे. आपल्याच घरात असं कसं झालं, या लाजेने बसलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो निदान मान वर करून बघतो.

समोरचे पर्याय

वडिलांची पहिली भीती पोलिसांची होती. केस झाली तर नोकरी नाही, पासपोर्ट नाही. हे आधी मोकळं करणं गरजेचं होतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाचं सेवन हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते लपवून उपयोग नाही. पण रुग्ण गांजा ओढतो एवढ्यासाठी डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. शिवाय १९८५ च्याच कायद्यातलं कलम ६४-अ असं सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यात सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. वडिलांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मग पहिल्यांदा पाणी प्यायले.

त्यांच्या खिशात एका खासगी केंद्राचा नंबर होता, एका सहकाऱ्याने दिलेला. "गाडी पाठवतात, चार माणसं येतात, उचलून नेतात, सहा महिने बाहेर सोडत नाहीत." कंटाळलेल्या, घाबरलेल्या बापाला हे बरं वाटणं स्वाभाविक आहे. आम्ही त्याला स्पष्ट विरोध केला. अमोल सज्ञान आहे, स्वतःहून दवाखान्यात आला आहे, बोलतो आहे. अशा माणसाला जबरदस्तीने डांबणं कायद्यात बसत नाही. आणि तीन दिवसांपूर्वी ज्याला सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत असं वाटत होतं, त्याला चार अनोळखी माणसांनी उचलून नेलं तर तो भ्रम खराच झाला की! गरज पडली तर दाखल होण्याचे कायदेशीर मार्ग आहेत, आणि निवासी उपचार करणारी चांगली केंद्रं महाराष्ट्रात आहेत. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. आठवड्यात संशय कमी झाला नाही किंवा बाहेर राहून जमलंच नाही, तर दाखल करायचं असं ठरवून तो पर्याय राखून ठेवला.

दुसरा पर्याय गावी नेण्याचा. आईला तोच हवा होता. तिच्या मनात बाहेरचं काही झालं असेल अशीही शंका होती आणि गावाकडे तिला ते दाखवायचं होतं. तिला तोडून बोललो नाही. देवाला जायचं तर जा, फक्त डॉक्टरांचं औषध आणि तपासणी चुकवू नका, एवढं मागितलं. पण गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि दिवाळीचा अनुभव ताजा होता. माल मिळत नाही म्हणून बंद होणं आणि सोडणं यात फरक आहे, हे अमोलच्याच तोंडून आलं.

तिसरा पर्याय अमोलचा: "बंद नको, रात्रीचा एकच ठेवतो." हा आम्ही उडवून लावला नाही. अनेकांच्या बाबतीत कमी करत जाणं हा चांगला पहिला टप्पा असतो, आणि सोडायला तयार नसलेल्या माणसाला दारातून परत पाठवण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण इथे भ्रमाचा झटका येऊन गेला होता आणि मामाचा इतिहास होता. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, "दुसऱ्या कुणाला मी हो म्हटलं असतं. तुझ्या बाबतीत पूर्ण बंद, हा माझा सल्ला आहे. निर्णय तुझा." त्याने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ताईच्या फोनवरून होकार कळवला.

काय केलं

तो सहा आठवडे ताईकडे राहिला. गांजा सोडवणारी ठरावीक अशी गोळी नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलं. भ्रमासाठी रात्री लहान मात्रेत एक औषध दिलं, त्याने झोपेलाही थोडी मदत झाली. मुदत ठरलेली होती आणि दर आठवड्याला तपासणी होती. बाकी सगळं काम बोलण्याचं आणि दिनक्रमाचं.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या पंधरा दिवसांच्या तयारीत घातला. कोणत्या दिवशी काय होईल ते तारखांसह एका कागदावर लिहून ताईच्या फ्रिजवर लावलं. चौथ्या ते सातव्या दिवसापुढे अमोलनेच लिहिलं, "इथे मी म्हणणार की मला खरा आजार आहे." आईसाठी वेगळी ओळ होती: या दिवसांत तो ताट ढकलेल, ते मनाला लावून घेऊ नका. ती पंधरा दिवस रजा काढून आली. सहाव्या दिवशी त्याने खरंच ताट ढकललं. ती फ्रिजपाशी गेली, ओळ वाचली आणि परत येऊन नुसतं ताक ठेवलं.

झोपेचा नियम एकच ठेवला. कधीही झोप लागो, सकाळी साडेसहाला उठायचं आणि दुपारी आडवं व्हायचं नाही. दुपारी चारनंतर चहा बंद. पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार तास झोप झाली. वहीत तो झोपेचे तास आणि तलफेचा जोर शून्य ते दहात लिहायचा. तलफ आली की वीस-तीस मिनिटांत ओसरते, हे त्याला त्या आकड्यांतूनच पटलं.

पैशांचं त्याने स्वतः सुचवलं: डेबिट कार्ड ताईकडे आणि यूपीआयची दिवसाची मर्यादा अगदी कमी. मित्रांना काय सांगायचं याचा सराव केला. "सोडलं" म्हटलं की ते वाद घालणार, म्हणून "औषध चालू आहे, चालत नाही" हे वाक्य ठरलं. ढोल पथकात परत जावं असं ताईला फार वाटत होतं. पण ओढणाऱ्या ओळखीतले दोघं त्याच पथकात होते. त्या वर्षी नको, असं अमोल म्हणाला आणि आम्ही ते मान्य केलं.

वडिलांना दर आठवड्याला लघवीची तपासणी हवी होती. पहिल्या महिन्यात ती न करण्याचं ठरलं. गांजातला मुख्य घटक, टीएचसी, शरीरातल्या चरबीत साठतो. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही कित्येक आठवडे तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रामाणिकपणे सोडलेल्या मुलाच्या हातात पंधराव्या दिवशी पॉझिटिव्ह कागद पडला आणि बापाने "खोटारडा" म्हटलं, की सगळं केलेलं पाण्यात. पुढे अमोलच्या संमतीने अधूनमधून तपासणी झाली.

कॉलेजला "उपचार चालू आहेत" एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. वर्ष पूर्ण सोडायचं की सगळे पेपर द्यायचे, यात मधला मार्ग घेतला: एम-थ्री धरून तीनच विषय. सोबत शिकवणी लावली ती बारावीच्या गणितापासून. मुळात अडलं होतं ते तिथेच, आणि त्याला हात न लावता गांजा सोडवण्यात आम्हाला अर्थ वाटत नव्हता.

कुठवर आलं

संशय दहा दिवसांत पूर्ण गेला. झोप पाचव्या आठवड्यात सहा तासांवर आली. साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी औषध हळूहळू बंद केलं.

पाचव्या महिन्यात तो घसरला. निकाल लागला, तीनपैकी दोन विषय सुटले, एम-थ्री राहिला. तो जुन्या फ्लॅटवर गेला आणि दोन रात्री ओढला. दुसऱ्या रात्री शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल कुजबुज चालली आहे असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा, ताईलाही न सांगता, दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला होता. औषध पुन्हा काही आठवडे सुरू झालं. वडिलांनी "सगळं वाया गेलं" म्हटलं. आम्ही त्यांना एवढंच दाखवलं की मागच्या वेळी मदत यायला दोन-अडीच वर्षं आणि चार डबे लागले होते, या वेळी दोन रात्री लागल्या.

आता जवळजवळ वर्ष होत आलं. त्या दोन रात्रींनंतर गांजा नाही. एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला. शेवटचं वर्ष बाकी आहे. वडील या विषयावर अजून बोलत नाहीत. रोज रात्री नऊला फोन करून "जेवलास का" विचारतात. डॉक्टरांकडे तपासणी दर दोन महिन्यांनी चालू आहे आणि ती काही वर्षं चालेल, कारण गांजाने असा झटका आलेल्यांपैकी काहींना पुढे स्किझोफ्रेनियासारखा दीर्घ आजार होतो. हे अमोलला माहीत आहे.

वेगळं काय होऊ शकलं असतं

सगळ्यात मोठी हुकलेली संधी दवाखान्यातली. वीस वर्षांचा मुलगा झोप येत नाही म्हणून आला तर व्यसनाचा प्रश्न आपल्याकडून, सहज आवाजात विचारला गेला पाहिजे. सांगणं रुग्णावर सोडलं तर तो सांगत नाही.

दिवाळीतले चार दिवस ही दुसरी. घरच्यांना भांडण दिसलं, पण घाम, भूक आणि झोप तिन्ही एकदम बिघडलेली आहेत हे कुणी जोडून पाहिलं नाही.

मित्रांच्या दोन दिवसांबद्दल त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना कुठे विचारायचं तेच माहीत नव्हतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत आणि मित्रसुद्धा फोन करू शकतात. संशय, कानात आवाज, सलग काही रात्री अजिबात झोप नसणं, मरणाची भाषा, यांतलं काहीही दिसलं तर "उतरेल" म्हणून थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. एवढं टोकाचं नसेल तेव्हाची खूण साधी आहे: तीन-चार दिवस बंद ठेवून बघितलं आणि जमलं नाही, किंवा जमलं पण त्याशिवाय जेवण, झोप, बोलणं यांतलं काही होईना, तर मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकाची एक भेट घ्यावी. त्यासाठी व्यसनी म्हणवून घ्यायची गरज नाही.

तंबाखूचा निर्णय अजून चर्चेत आहे. गांजा आणि सिगारेट एकदम सोडणं झेपणार नाही असं अमोल म्हणाला होता, आणि ते त्याच्यावर सोडलं. पाचव्या महिन्यातला पहिला जॉइंट मात्र सिगारेट हातात असतानाच वळला गेला. अशाच दुसऱ्या एका मुलाबरोबर सध्या दोन्हींची तारीख एकच धरली आहे. अमोल दिवसाला चार सिगारेटींवर आहे. निकोटिनच्या च्युइंगमसह पुढच्या महिन्याची तारीख त्याने ठरवली आहे.